सहा आकडे, दहा मिनिटं

"हॅलो… दादा, तुमच्या फोनवर आता एक मेसेज आला असेल. सहा आकडे. तेवढे सांगता का?"

पलीकडे आधी नुसती खरखर. मग लांबवर रेल्वेचा भोंगा. मग एक आवाज… भरदार, सावकाश, सकाळच्या बातम्या द्यायला बसल्यासारखा.

"कोण बोलून राह्यलं?"

"मी निकिता. किन्हीराजाहून. तुमी कोण?"

"हरीओम."

"हो, हरीओम. पण कोण बोलता?"

"हरीओमच बोलतो ना! नाव आहे माझं. नमस्कार नाही करून राह्यलो."

निकिताला हसू आलं, पण हसायला वेळ कुठला? कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये तिच्यासमोरच्या पडद्यावर घड्याळ उलटं पळत होतं. सात मिनिटं बारा सेकंद.

"बरं, हरीओमदादा, सांगा आकडे."

"नाही सांगत. बँकवाले घसा फोडून सांगतात, आकडा कोणाले सांगू नका. माझी मावशी अशीच लुटल्या गेली. तिलेबी एका गोड आवाजाच्या पोरीचाच फोन आल्ता."

"माझा आवाज गोड आहे?"

"पोलीस विचारतात ना तक्रार लिहितांनी, आवाज कसा होता म्हणून."

"मेसेज वाचा ना! माझंच नाव असन त्यात. तुमचा हा नंबर आधी माझ्या बाबाचा होता. शिष्यवृत्तीच्या साइटवर तोच राह्यला."

"चोरसुद्धा असंच सांगतात…"

"राहू द्या मग! ठेवा ते आकडे तुमच्यापाशी. लोणचं घाला त्याचं."

निकितानं फोन आपटला. तिचं असंच होतं. एकदा मागायचं, दुसऱ्यांदा नाही. चौथीत असताना शेजारणीनं 'तुझ्या मायला सांग, तेवढं विरजण परत दे' म्हटलं, तेव्हापासून त्या घरची पायरी ती चढली नव्हती.

चार मिनिटं. तीन. फोन वाजला.

"वाचला मेसेज," आवाज म्हणाला. "निकिता जानराव, बीएस्सी तिसरं वर्ष. आठ, शून्य, तीन… एक, एक, सहा. आणि सॉरी बरं का."

तीन आकड्यांनंतर तो थांबला होता. लिहून घेणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून. तेवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं.

&nbsp;

झालं होतं असं.

जानरावांकडे दोन सिमकार्डं होती. एकाला रिचार्ज मारायचं राहिलं, मग राहूनच गेलं, आणि कंपनीनं तो नंबर काढून दुसऱ्याला देऊन टाकला. दुसरा म्हणजे हरीओम. जऊळक्याचा. घर स्टेशनजवळ, शेत रुळापलीकडे, वाशीमच्या कॉलेजात बीएच्या तिसऱ्या वर्षाला, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं एकही शिबिर न चुकवणारा. पण निकितानं पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या साइटवर बाबांचा तो नंबर दिलेला, आणि साइटला कोण सांगणार की नंबर आता दुसऱ्या घरी नांदायला गेला?

ह्या वेळची शिष्यवृत्ती मात्र साधी नव्हती. हैदराबादच्या एका संस्थेत दहा महिन्यांचा बियाणे तंत्रज्ञानाचा कोर्स. राहणं, जेवण, शिकणं, सगळं त्यांच्याकडून. सबंध राज्यातून जागा बारा. नोटीस बोर्डावर तो कागद दोन दिवस एकटाच फडफडत होता, निकितानं तो इतक्यांदा वाचला की शिपाई म्हणाला, "घेऊन जा बाई घरी, फ्रेम कर."

घरी ती एवढंच म्हणाली होती, "ह्या बारांत मी पायजे." हट्ट नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं.

&nbsp;

४ ७ १ … ० ९ २

हा दुसरा. उत्पन्नाचा दाखला चढवताना आला.

पडद्याच्या कोपऱ्यात एक निळं बटन होतं : मोबाइल क्रमांक बदला. जुन्या नंबरवरचा एक आकडा टाकला की दोन मिनिटांचं काम. निकितानं ते बटन पाहिलं. तिचा स्वतःचा फोन शेजारीच पडला होता.

पुढच्या खेपेला करू, ती म्हणाली. मनातल्या मनात. पण म्हणाली.

&nbsp;

३ ३ ८ … ५ ४ ०

"आज एक गोष्ट राह्यली."

"कोणती? आकडा बरोबर आहे, घेतला त्यानं."

"आकडा नाही. तुमी मले आज दादा म्हणलं नाही."

निकितानं माउस उगाचच हलवला.

"हॅलो?"

"विसरली असन."

"विसरल्या तेच बरं झालं. असंच विसरत जा."

मागून मालगाडी गेली. डबे मोजता येतील इतकी हळू. दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

&nbsp;

प्रश्न ११. समाजासाठी आपण कोणकोणत्या उपक्रमांत सहभाग घेतला? पुरावे जोडा.

उत्तर : निरंक.

"हे काय लिहिलं?" तिनं फोनवर वाचून दाखवलं तेव्हा हरीओमनं विचारलं. आता तो आकडा सांगून झाल्यावरही बोलत असे आणि ती मुदत संपल्यावरही ऐकत असे.

"खरं तेच लिहिलं. तुमच्यासारखी शिबिरं कुठं केली मी? कॉलेज सुटलं की सरळ मळ्यात. हिरवा सांबार, मेथी, पालक. जुड्या बांधा, सकाळी बाजारात पोचवा. माझ्यापाशी एक सर्टिफिकेट नाही."

"माझ्यापाशी फाईल भरून आहेत. एक झाड लावलं, तीन सर्टिफिकेटं भेटले. झाड वाळलं, सर्टिफिकेटं हिरवेगार आहेत अजून." तो हसला. मग म्हणाला, "तुमच्या माईचा आवाज येऊन राह्यला मागून. काय म्हणतात?"

"काही नाही. शेजारच्या विमलबाई सोयाबीनचं बियाणं घेऊन आल्या. आई म्हणते, पोट्टीले बोलाव, गोणपाट टाकून पाहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे… शंभर दाणे मोजाचे. ओल्या गोणपाटावर रांगेनं मांडाचे, गुंडाळून सावलीत ठेवाचे. चार दिवसांनी उघडून पाहाचं किती उगवले. सत्तरच्या वर उगवले तर पेरा, नाही तर नका पेरू. गावातले येतात माझ्याकडे. आजूबाजूचेबी येतात."

"किती वर्षांपासून?"

"नववीपासून."

"आन् हे… निरंक?"

"ते घरचं काम आहे ना!"

हरीओम बोलला तेव्हा त्याच्या बातम्यांच्या आवाजातली इस्त्री गेली होती.

"निकिता, ऐक. मी शिबिरात जाऊन जे करतो त्याले उपक्रम म्हणतात, कारण मांगं बॅनर रायते. तू दुबार पेरणी वाचवते लोकायची, आन् लिहिते निरंक! खोड ते. आत्ता खोड."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिनं खोडलं. आणि मग, ज्या मुलीला दोन ओळी सुचत नव्हत्या, तिनं सव्वा पान लिहिलं :

'माझी आई मनकर्णाबाई दरवर्षी सर्वांत चांगलं वांगं तोडत नाही. ते झाडावर पिवळं होऊ देते. त्याचं बी काढून, धुऊन, राखेत घोळून ठेवते. आमच्या भागातल्या अकरा गावांत आज जे काटेरी वांगं आहे, ते तिच्या राखेतलं आहे. मी तिच्या पुड्यांवर तारीख आणि जात लिहिते आणि पेरणीआधी शेजाऱ्यांच्या बियाण्याची उगवण तपासते. पुरावा म्हणून जोडायला माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. ओल्या गोणपाटाचा फोटो जोडत आहे. त्यात शंभरपैकी ब्याण्णव उगवलेले दिसतील. बाकीचे आठ मी लपवलेले नाहीत.'

हरीओमनं ते फोनवर ऐकलं. "शेवटचं वाक्य पुन्हा वाच," म्हणाला. तिनं वाचलं. "आता पाठव. एक अक्षर बदलू नको. माझे मामा वळखतात मोठ्या लोकायले, पण मी त्याईले फोन करणार नाही."

"केला असता तर मी तुझ्याशी बोलली नसती."

"म्हणूनच नाही केला."

&nbsp;

फेब्रुवारीत मुलाखत झाली, कॅमेऱ्यासमोर. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी एका बाईंनी इंग्रजीत काही विचारलं. निकितानं मराठीत उत्तर दिलं आणि गोणपाट उलगडून दाखवलं. बाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की फक्त त्यांचा चष्मा दिसत राहिला.

ते हरीओमला सांगताना तिनं निळं बटन पुन्हा पाहिलं. आकडा नव्हता, काम नव्हतं, साइट उघडायचं कारण नव्हतं. तरी उघडली होती.

"निकाल पंधरा एप्रिलले आहे," ती म्हणाली.

"बरं झालं. रामनवमीले तीन दिवस मी पोहरादेवीले राहीन. जत्रेत ड्यूटी आहे आमच्या पोरांची. लाखानं माणूस येते, टावरचा जीव जाते तिथं. तेवढे तीन दिवस आकडा मांगू नको."

"नाही मांगत."

&nbsp;

निकाल ठरल्या तारखेच्या आधीच, रामनवमीच्या आदल्या संध्याकाळी लागला.

निकिताला कळलं दुसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजता, कॉलेजातल्या मॅडमच्या फोनवरून. "यादीत नाव आहे तुझं! तिसरं! पण अगं, मेसेज नाही का आला? स्वीकृती आज पाचपर्यंत नोंदवायची आहे. नाही तर जागा प्रतीक्षा यादीला जाते."

मेसेज गेला होता. हरीओमच्या फोनवर.

तिनं फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर. संस्थेच्या कार्यालयात लावला… रामनवमीची सुट्टी. माणसांना सुट्टी होती, साइटवरच्या घड्याळाला नव्हती.

अंगणात जानराव मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं. आधी निवड झाली ते. जानरावांच्या हातातलं पाणी तसंच सांडत राहिलं, डोळे भरले. मग फोनचं.

"थांब थांब. आकडा कोणाच्या फोनवर येते?"

"जऊळक्याच्या एका… पोराच्या."

"कोणत्या पोराच्या?"

"आपला जुना नंबर ज्याले भेटला त्याच्या."

"बरं. मंग आतापर्यंत बदलला काहून नाही तू?"

निकिता जुड्यांकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जानराव तिच्याकडे बघत राहिले, मग बायकोकडे. वांग्याचं बी चाळणाऱ्या मनकर्णाबाईंनी मान वर न करता म्हटलं, "अवो, गाडी काढा तुमी. बाकीचं वाटेनं इचारजा."

वाटेनं त्यांनी काहीच विचारलं नाही. शेलूबाजार गेलं, मंगरूळपीर गेलं. उन्हानं हँडल तापलं होतं. फक्त एकदा, एका चढावर, मागं न बघता ते म्हणाले, "राज्यातून तिसरी ना?"

"हो बाबा."

"हं," जानराव म्हणाले, आणि गाडी साठच्या वर नेली. त्या गाडीनं आजवर पन्नास पाहिलं नव्हतं.

&nbsp;

गर्दीनं रस्ता दोन किलोमीटर आधीच अडवला. "तू हो पुढं, मी गाडी लावून येतो," जानराव म्हणाले. साडेतीन झाले होते.

नगारे. धूळ. पांढरे झेंडे. आरशांच्या घागऱ्यांवर ऊन पडून डोळ्यांत येणारे तुकडे. हजारो चेहरे… आणि तिनं हरीओमचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता! पाच महिने बोलून एक फोटो मागितला नव्हता तिनं. मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. आता ह्या लाखांतून कोणाला ओळखायचं?

ती थबकली. डोक्यावरच्या खांबावर कर्णा खरखरला.

"ऐका हो… पुसदकडून आलेले उदयसिंग आजोबा… लाल फेटा, हातात काठी… आपली वाट नानीबाई पाहत आहेत…"

थांबला. जरा थांबला, ऐकणाऱ्याला उसंत मिळावी म्हणून.

निकिताच्या अंगावर काटा आला. उन्हात.

"ताई, हा आवाज कुठून येते?" तिनं पोलीस बाईला विचारलं.

"बारा भोंग्यांतून येते बाई."

"बोलणारा कुठी बसते?"

"देवळाच्या मांगं. हरवले-सापडले."

ती पळत सुटली. आवाज चारी बाजूंनी येत होता. जणू सबंध जत्रेनं त्याच्या आवाजात बोलायचं ठरवलं होतं.

&nbsp;

मांडवात टेबलामागं एक बारकासा, चष्म्याचा मुलगा माईकवर वाकला होता. सेवा योजनेचा बिल्ला, धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया. वहीतून मान वर न काढता त्यानं विचारलं,

"कोण हरवलं?"

"कोणी नाही. सहा आकडे पायजेत."

त्याची मान वर आली. हळूहळू.

"…निकिता?"

"मले वाटलं होतं तू चांगला जाडजूड असशीन," ती धापा टाकत म्हणाली. "एवढा आवाज ठेवतो कुठी?"

"तू… इथं… काहून?"

"माझी निवड झाली. पाच वाजेपर्यंत होकार द्याचा आहे. आकडा तुझ्याकडे येईन."

हरीओमनं शेजारच्या पोराच्या हातात माईक दिला आणि उठला. खिशातून एक फोन काढला, टॉवर नाही. दुसऱ्या खिशातून जुना बटनांचा डबा काढला, त्यालाही नाही. "मांगं बरड टेकाड आहे. वर दोन काड्या येतात. चाल!"

बरडावर चढेपर्यंत चार एकतीस. तिच्या फोनवर साइट उघडली, चाक फिरत राहिलं… फिरत राहिलं… आकडा पाठवला आहे. दोघं त्या डब्याकडे बघत उभे. वारा गरम, गवत वाळलेलं. आकडा आला तेव्हा त्याची दहा मिनिटं संपली होती.

"पुन्हा मांग."

चार शेहेचाळीस. आला.

"नऊ, दोन, दोन…" त्याचा आवाज फुटला. लाख माणसांपुढे न अडखळणारा आवाज. "…सात, सहा, एक."

स्वीकृती नोंदवली. अभिनंदन, निकिता जानराव.

ती ओरडली नाही. उभी राहिली, पाठ ताठ, खाली पसरलेल्या झेंड्यांकडे बघत. हरीओमला वाटलं, ही आता सबंध जत्रेचं वंदन घेतेय… आणि घ्यावंच हिनं.

मग त्याला पडद्याच्या कोपऱ्यातलं ते दिसलं.

"हे निळं बटन… पहिल्यापासून होतं?"

"हो."

"पाच महिने?"

"हो."

"काहून नाही दाबलं?"

निकितानं मान खाली घातली नाही. "दाबलं असतं तर तुले फोन कराले कारण काय राह्यलं असतं? त्यापायी आज माझी जागा जात होती. माझ्या बाबानं भर उन्हात गाडी हाकलली. चूक माझी आहे, मी सांगीन घरी. पण खोटं कायले बोलू… मले लाज नाही वाटून राह्यली."

हरीओमनं हातातला डबा उलटा केला, सुलटा केला. "ह्याच्यात दुसऱ्या कोणाचा फोन येत नाही," तो म्हणाला. "माझा नंबर डिसेंबरातच बदलला मी. सगळ्याईले नवा दिला. तुले नाही दिला. हे सिम खिशात घेऊन फिरतो… तुझ्या आकड्यापायी."

निकितानं त्या डब्याकडे पाहिलं, त्यानं तिच्या पडद्याकडे. मग दोघंही एकदम हसले.

"आता दाब ते बटन," हरीओम म्हणाला.

"काहून?"

"हैदराबादले तुझ्या नावानं, तुझ्या नंबरानं जाय. पुढचा कोणताच मेसेज माझ्या खिशात अडकाले नको. आज अडकला होता, निकिता. मी कर्ण्यावर लोकायची माणसं शोधून देत होतो, आन् तुझी जागा माझ्याच खिशात हरवून राह्यली होती."

तिनं दाबलं. शेवटचे सहा आकडे त्यानं इतके सावकाश सांगितले की मधे एक शेळी येऊन, त्यांच्याकडे बघून, चरून गेली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं. आता फोन कायले करशीन?"

"आता काही कारण नाही," निकिता म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "आता उगाचच करीन. रोज."

&nbsp;

मांडवाशी परतले तर जानरावांचा पत्ता नाही. गाडी कुठं लावली, कोणत्या वाटेनं आले, देव जाणे. फोन लागत नव्हता. निकिता टाचा उंचावून गर्दीत बघायला लागली.

हरीओमनं माईक पुढ्यात ओढला. घसा खाकरला. बारा कर्णे एकदम जागे झाले.

"ऐका हो… किन्हीराजाचे जानराव… पांढरा सदरा, मोटारसायकलनं आलेले… जिथं असतील तिथून देवळामागच्या मांडवात यावं. आपली मुलगी निकिता… बियाण्याच्या शिक्षणासाठी सबंध राज्यातून तिसरी आलेली… शिष्यवृत्तीवर हैदराबादले चाललेली… आपली वाट पाहत आहे."

नगारा थांबला. पाण्याच्या रांगेतल्या बायांनी वळून पाहिलं. "कोणती वो? ही का?" कुणीतरी अनोळखी आजीनं येऊन निकिताच्या चेहऱ्यावरून हात उतरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली.

गर्दी फाकली. जानराव आले. कपाळावर धूळ, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, पण छाती अशी पुढं की वाट आपोआप होत होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली : झालं. मग त्यांनी त्या बारक्या, चष्म्याच्या मुलाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बैल पारखावा तसं. हरीओम उभा राहिला. माईक हातातच.

"तूच का जऊळक्याचा?"

"हो काका."

"आवाज बरा हाय तुहा."

"…हो काका."

जानरावांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. डोळेही पुसले, पण ते घामातच मोडलं. मग टेबलावर हात टेकून ते हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,

"पुन्हा एक डाव सांग ना, राजा. मागच्याइले ऐकू आलं नसन."